बिनवासाचा साबण

"मॅडम, तुमचं सॅनिटायझर चालत नाही." नोकरीच्या शेवटच्या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की निवृत्त झाल्यावरही फोन वाजला की माझा आवाज आपोआप कडक व्हायचा. माझी बहीण एकदा वैतागून म्हणाली, "अगं, मी बोलतेय, ग्राहक नाही."

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी माल तपासणीचं काम पाहत होते. हातावर चोळायचं जंतुनाशक, फरशीचं द्रावण आणि हात धुण्याचा साबण, एवढाच आमचा माल. तक्रार आली की आधी विक्रीची मुलं गोड बोलून वेळ मारून न्यायची. त्यानेही ग्राहक शांत झाला नाही, तर मालक दिलीपशेठ मला पाठवायचे. मला गोड बोलता येत नाही, हा माझा दुर्गुण त्यांनी कामाला लावला होता. "तुम्ही जा, तुमच्याशी कोणी घासाघीस करत नाही," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

तक्रारीही एकेक असायच्या. ठाण्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, बाटलीतला माल आपोआप कमी होतो, तुम्ही माप मारता. जाऊन पाहिलं तर बाटलीचं झाकण कोणीतरी हरवलेलं, आणि बाटली लिफ्टजवळ भर उन्हात. अल्कोहोल उडून जाणार नाही तर काय करणार? कल्याणच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याने कॅनमध्ये निम्मं पाणी घातलं होतं आणि वर मलाच विचारत होता, "मॅडम, पहिल्यासारखं थंड का लागत नाय?" शहाडच्या एका काकूंची तक्रार अशी, की सॅनिटायझर लावूनही हाताचा बोंबलाचा वास जात नाही. मी म्हटलं, "काकू, बोंबील आधीच मेलाय, त्याला आम्ही आणखी काय मारणार?" त्या इतक्या हसल्या की चहा घेतल्याशिवाय सोडेनात.

पण एका तक्रारीवर मला हसता आलं नाही. ती गोष्ट सांगण्याआधी आमचा धंदा थोडा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

हातावर चोळायच्या द्रवात मुख्य असतं ते अल्कोहोल, आणि त्यात मुद्दाम पाणी घातलेलं असतं. लोकांना वाटतं पाणी घालणं म्हणजे भेसळ. तसं नाही. निव्वळ अल्कोहोल हातावरून भुर्रकन उडून जातं, आणि जंतूच्या अंगातली प्रथिनं बिघडवायला त्याला पाण्याची सोबत लागते. महामारीच्या वेळी ज्या विषाणूने आपल्याला घरात कोंडलं, त्याच्या अंगावर स्निग्धाचं पातळ वेष्टन असतं. अल्कोहोल लागलं की ते विरघळतं आणि विषाणूचा कारभार आटोपतो. त्या काळात आमच्या मालाने खरंच काम केलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच काळात लोकांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: पंप दाबला, हात चोळले, हात स्वच्छ झाले.

पोट बिघडवणारे काही विषाणू मात्र वेगळ्या जातीचे असतात. एकाला गाठलं की घरातल्या सगळ्यांना उलट्या-जुलाबाने आडवं करतात. त्यांच्या अंगावर स्निग्धाचं वेष्टन नसतंच. असतं ते प्रथिनांचं टणक कवच. एक लोण्याचा गोळा आणि दुसरी सुपारी, इतका फरक. लोणी वितळवणाऱ्याने सुपारीसमोर हात टेकले, तर त्यात त्याची काय चूक? शिवाय हे विषाणू चिमूटभरसुद्धा लागत नाहीत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके थोडे पोटात गेले तरी पुरतात.

या सुपारीसाठी आम्हीही एक नवं द्रावण केलं होतं. अल्कोहोलचं प्रमाण वाढवलं आणि लिंबात असतं ते आम्ल घातलं. आम्लामुळे कवच सैल पडायला मदत होते. पण हे तपासायचं कसं? माणसाचा तो विषाणू साध्या प्रयोगशाळेत वाढायला तयारच होत नाही. म्हणून त्याच्या नात्यातला, मांजरांना होणारा विषाणू घेऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी करतात. निकाल झकास आला. दिलीपशेठ पेढे वाटायला निघाले. मी त्यांना थांबवलं, कारण मांजराचा विषाणू आंबटाला जरा लवकरच शरण जातो. त्याच कुळातला उंदरांचा विषाणू तसा जात नाही. मी उंदराच्या विषाणूवर पुन्हा तपासणी करायला लावली. तिथेही द्रावण पास झालं, पण काठावर, आणि तेही हात आधी स्वच्छ असतील आणि अर्धं मिनिट ओले राहतील तर. मी बाटलीवर ते तसंच छापायला लावलं. शेठ म्हणाले, "एवढ्या अटी लग्नाच्या बोलणीतपण नसतात."

आता मंगलताईंकडे येते.

मंगलताई मूळच्या गुहागरकडच्या. डोंबिवली पूर्वेला तळमजल्याच्या एका गाळ्यात त्यांचा उकडीच्या मोदकांचा व्यवसाय. नवरा गेल्यावर एका मोदकपात्रावर सुरू केलेला, आणि आता हाताखाली दहा-बारा बायका. संकष्टीला गाळ्याबाहेर रांग लागायची. त्यांचे मोदक मी खाल्लेत. पारी इतकी पातळ की आतल्या गुळाचा रंग बाहेरून दिसावा. आमचं सॅनिटायझर त्या नियमाने घ्यायच्या, आणि तेही बिनवासाचं. त्यांचं म्हणणं असं, की उकड म्हणजे तान्ह्या पोरासारखी, जवळच्या कशाचाही वास घेते.

त्यांचा फोन आला तो श्रावणातल्या संकष्टीनंतर. आवाज बसलेला. "मॅडम, तुमच्या औषधात काहीतरी खोट आहे. माझ्याकडचे मोदक खाऊन माणसं आजारी पडलीयत."

मी त्याच दिवशी गेले. गाळ्याबाहेर नारळ पोत्यात भरून टाकून द्यायला ठेवलेले. गूळही बदलला होता. मंगलताई स्टुलावर बसून होत्या आणि समोर उभे होते कोपरीचे पाटीलकाका. कोपरीच्या जुन्या भूमिपुत्रांपैकी एक घर, आणि तिथल्या गणेश मंडळाचे ते सर्वेसर्वा. मंगलताईंची सगळ्यांत मोठी गणेश चतुर्थीची ऑर्डर त्यांचीच असायची. त्यांच्या शब्दावर आजूबाजूची आणखी चार मंडळं मोदक मागवायची.

"ताई, मोदक गोड होते, त्यात वाद नाय," पाटीलकाका सांगत होते. "पन संकष्टी सोडली, आनि दुसऱ्या दिवशी घरातली सगली आडवी. माझी सून, नातू, शेजारची दोन घरं. आता मी मंडलात काय तोंडान सांगू, की गनपतीला पन इथूनच आनू?"

"काका, वीस माणसांचा स्वयंपाक असला तरी मी हात लावून चव घेत नाही," मंगलताई म्हणाल्या. "इतकं सोवळं पाळते."

"ते मला म्हाईत हाय. म्हनून तर रागावलो नाय. पन चतुर्थी पंधरवड्यावर आली. तुमी कारन शोधा. नाय सापडलं तर यंदा मी दुसरीकडून आनीन."

ते गेले. मंगलताईंनी पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा, काय घातलंत त्या बाटलीत?"

मला राग आला. पण त्या गाळ्यात पाऊल टाकल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती, तिने रागाला आवर घातला. ओट्याशेजारी स्वच्छ घासलेलं बेसिन होतं, नळाला धो धो पाणी होतं, आणि साबण कुठेच नव्हता.

"साबण?"

"माझ्या गाळ्यात साबण येत नाही," मंगलताई म्हणाल्या. "गुलाबाचा वास, लिंबाचा वास, चंदनाचा वास. एकदा एका बाईने साबणाने हात धुऊन उकड मळली, अख्खा घाणा फेकला मी. त्यासाठीच तर तुमचं बिनवासाचं घेते."

मी म्हटलं, मला एक घाणा करून दाखवा. नेहमी करता तसाच, काही बदलू नका.

काम बघत बसणं हाच माझा खरा व्यवसाय. पुस्तकात जंतू कसे मरतात ते लिहिलेलं असतं, पण ते इथून तिथे जातात कसे ते माणसांच्या हाताकडे बघूनच कळतं. बायकांनी पंप दाबून हात चोळले. मंगलताई उकड मळायला बसल्या. शेजारी तेलपाण्याची वाटी. उकड हाताला चिकटू लागली की वाटीत बोटं बुडवायची. प्रत्येकीची बोटं त्याच वाटीत. पाऱ्या झाल्या, कळ्या पाडून झाल्या, मोदक वाफेवर गेले. इथपर्यंत मला फारशी काळजी नव्हती. कारण चांगली वाफ दिली की सुपारीचंही काही चालत नाही.

मग पात्राचं झाकण निघालं. मोदक गरम असताना काढायचे म्हणजे हाताला पाणी लावावं लागतं, नाहीतर पारी बोटाला चिकटून फाटते. ते काम वंदनाचं. शहाडहून येणारी, तिशीतली, चटपटीत बाई. तिने हात बुडवला तो त्याच वाटीत, आणि मोदक उचलून भराभर खोक्यात मांडले. शिजून निघालेल्या, आता पुन्हा आच न लागणाऱ्या मोदकांना तिची ओली बोटं लागत होती.

आता मी दोन वाक्यांत सांगून मोकळी होऊ शकले असते. पण लोकांना सांगून पटत नाही, हे मी इतक्या तक्रारी निस्तरून शिकले होते. मी मंगलताईंकडे हळद मागितली. चिमूटभर हळद थेंबभर तेलात कालवून त्यांच्याच उजव्या बोटांना लावली. वंदनाच्या नाही, मालकिणीच्याच. म्हटलं, ही हळद म्हणजे पोटाचा आजार. आता नेहमीसारखं काम करा.

त्यांनी आमच्या सॅनिटायझरने हात चोळले. हळद गेली नाहीच, उलट तळहाताभर पसरली. एकीने खुदकन हसून तोंडावर हात घेतला. मंगलताईंनी उकड मळली, वाटीत बोटं बुडवली. वाटीतल्या पाण्यावर पिवळा तवंग आला. वंदनाने त्यात हात घालून एक मोदक उचलला. पांढऱ्याशुभ्र पारीवर तीन पिवळी बोटं उमटली.

मंगलताई त्या मोदकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी तर आजारी नव्हते."

"मी होते," वंदना म्हणाली.

संकष्टीच्या दोन-तीन दिवस आधी तिच्या लेकीला उलट्या लागल्या होत्या. मग वंदनाचंही पोट गेलं. एक दिवस घरी राहिली. बरं वाटल्यावर संकष्टीला आली, कारण तिच्याइतक्या चपळाईने मोदक कोणी काढत नाही हे तिला माहीत होतं. "बाईंची ऑर्डर होती ना. मला वाटलं, पित्त असंल. आणि आल्या आल्या मी सॅनिटायझर लावलेलं, ताई. दोनदा लावलेलं. खरंच."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी तिला सांगितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की यात तिचा गुन्हा नाही. या आजारात बरं वाटू लागल्यावरही विषाणू शरीरातून बाहेर पडत राहतो. म्हणून उलट्या-जुलाब थांबल्यानंतर निदान दोन दिवस घरी बसायचं, आणि पुढेही काही दिवस हात जपायचे. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रयोगशाळेत काही तपासलं गेलं नाही, त्यामुळे त्या विषाणूचं नाव मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चाल सगळी त्या सुपारीचीच होती.

"मग तुमचं ते नवीन औषध द्या," मंगलताई म्हणाल्या. "लिंबाचं. फोनवर तुमचा विक्रीचा मुलगा सांगत होता."

खरं तर मी एक कॅन विकून घरी जाऊ शकले असते. शेठ खूश झाले असते. पण नारळ खरवडून आणि गरम उकड मळून या बायकांच्या बोटांना चिरा पडलेल्या. त्यावर ते आंबट द्रावण लावलं तर झोंबून झोंबून दुसऱ्याच दिवशी त्या लावायचं सोडून देतील. शिवाय तेलकट, पिठाळ हातावर ते पुरतं चालत नाही, हे मीच बाटलीवर छापलं होतं. जिथे नळ नाही तिथे ते उपयोगाचं. इथे तर नळाला धो धो पाणी होतं.

"तुम्हाला साबण आणि पाणी लागेल," मी म्हटलं. "साबणही या विषाणूला मारत नाही. पण तो तेल सोडवतो, तेलाबरोबर विषाणू सुटतो आणि पाणी त्याला मोरीत घेऊन जातं. आपल्याला तो मेलेला नकोय, आपल्याला तो गेलेला हवाय."

"साबण येणार नाही म्हटलं ना मी."

"मग पाटीलकाका येणार नाहीत."

दोघीही हट्टी. शेवटी त्या म्हणाल्या, "वास नसलेला साबण आणा. मी उकडीला हात लावून बघीन. मला वास आला तर तुम्ही परत घेऊन जायचं."

आणि मी, ज्या कारखान्यात गुलाब, मोगरा आणि लिंबू यांचे डबे भिंतीला लावून ठेवले होते त्या कारखान्यातली बाई, हो म्हणून बसले.

दिलीपशेठना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. "बिनवासाचा साबण? अहो, लोक साबण घेतातच वासासाठी. बाटली उघडून नाकाला लावतात आधी."

"ही बाई नाकाला लावून वास आला तर घेणार नाही."

"एका बाईसाठी घाणा काढायचा?"

"तिच्यामागे दहा-बारा बायका आहेत, आणि त्यांच्यामागे कोपरी," मी म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि लहान टाकी वापरायची परवानगी दिली.

साबणातून वास काढून टाकणं सोपं असेल असं मलाही वाटलं होतं. अत्तर घातलं नाही की झालं. पण अत्तर गेलं तेव्हा कळलं, की ते इतके दिवस काय झाकत होतं. आमच्या नेहमीच्या तेलाचा एक जुनाट, कोंदट वास होता. पहिला नमुना मंगलताईंनी हाताला लावला, धुतला, उकडीचा गोळा मळला आणि नाकाशी नेला. "भजी तळून झाल्यावर कढईला येतो तो वास," त्या म्हणाल्या. गोळा त्यांनी बाजूला ठेवला, आणि माझं तोंड बघून वर म्हणाल्या, "रागावू नका, पण येतो."

मी रागावले होते. परत येताना रिक्षात बसून मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही सुनावलं. पण घरी येऊन मी उकड काढली, स्वतःचे हात धुतले आणि वास घेतला. त्या बाईचं नाक बरोबर होतं.

मार्ग सापडला तो तिथेच, ओट्याजवळ उभी असताना. समोर खवलेला नारळ होता. साबण खोबरेल तेलाचाच करायचा, असं ठरवलं. आणि थोडाफार वास राहिलाच तर तो नारळाचा राहील, आणि मोदकात नारळच तर असतो. चांगलं शुद्ध केलेलं तेल मागवलं, रंग नाही, अत्तर नाही. हातांची आग होऊ नये म्हणून ग्लिसरीन जरा सढळ हाताने घातलं. कारखान्यातली मुलं त्याला मॅडमचा उपासाचा साबण म्हणायला लागली.

दुसरा नमुना घेऊन गेले तेव्हा मंगलताईंनी हात धुतले, उकड मळली, एकच मोदक वळला, उकडला, आणि डोळे मिटून खाल्ला. सगळ्या बायका कामं थांबवून उभ्या. मी आयुष्यात बऱ्याच प्रयोगशाळांच्या निकालांची वाट पाहिली आहे. इतकी धडधड कधी झाली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही. नुसता मोदक लागतो."

मी त्यांना मिठी मारली. मी तशी मिठी मारणारी बाई नाही.

मग खरी तालीम सुरू झाली. कारण साबण असणं आणि हात धुणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा हळद काढली. आता एक गंमत झाली. आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे, की हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. बायकांनी हात धुतले, आणि जिथे साबणाचं पाणी गेलं पण बोटं चोळायला पोचली नव्हती तिथे लाल उमटलं. अंगठ्याच्या मागे. नखांच्या मुळाशी. आणि सगळ्यांत जास्त बांगड्यांच्या खाली. श्रावणातल्या हिरव्या बांगड्यांखाली लाल कडं उमटलेलं बघून मंगलताईंनी स्वतःच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि पुन्हा नळाखाली हात धरले. हळद एका धुण्यात पुरती जात नाही हे मलाही माहीत आहे. पण कुठे चुकतंय ते तिने दाखवलं. दोन दिवसांत त्या बायका एकमेकींचे हात पोलिसासारख्या तपासू लागल्या.

राहता राहिला वाटीचा प्रश्न. चिमट्याने मोदक काढले की कळ्या मोडतात. रबरी हातमोजे मंगलताईंना नको होते. नैवेद्य आहे, म्हणाल्या. यावर आमचं अर्धी दुपार भांडण झालं, आणि त्या भांडणातच त्या म्हणाल्या, "आई तर एकेक मोदक हळदीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायची. मीच ते सोडलं, वेळ जातो म्हणून." बोलता बोलता त्या थांबल्या. मीही थांबले. पानासकट मोदक वाफेवर, पानाची टोकं धरून उचलायचा, पानासकटच खोक्यात. मोदकाला बोट लावायचंच नाही, की पाण्याचा हात नको, की वाटी नको. आणि हळदीच्या पानाचा वास उकडीला लागला तर त्यावर त्यांची हरकत नव्हती. उलट त्या तोऱ्यात म्हणाल्या, "तो लागायलाच हवा."

मळणीला मात्र प्रत्येकीला वेगळी वाटी दिली. ओटे, नळाची मूठ आणि संडासाची कडी पुसायला ब्लीचिंग पावडरचं ताजं पाणी करायला शिकवलं. तिथे आमचं महागडं द्रावण नको, हेही सांगितलं. विक्रीच्या मुलांनी माझं नाव टाकलं असेल. पोट बिघडलं की पगारी सुट्टी, हा नियम मंगलताईंनी माझ्या आधी स्वतःच करून टाकला होता.

फक्त वंदना मोदकपात्राजवळ यायला तयार नव्हती. नारळ खवायची, खोकी जुळवायची, पण झाकण निघालं की मागे सरायची. "माझ्या हातानं नको," एवढंच म्हणायची. मी तिच्यावर एकदा ओरडलेसुद्धा. त्याचा काही उपयोग झाला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटीलकाका आले. त्यांना सगळा प्रकार दाखवला. हळद, वाटी, साबण, पान. त्यांनी स्वतः हात धुतले, वास घेतला आणि म्हणाले, "ह्याला तर कसलाच वास नाय."

"तोच त्याचा गुण," मी म्हटलं.

ते हसले. मग त्यांनी विचारलं, "संकष्टीला मोदक कोनी काढलेले?" वंदना खोकी ठेवून पुढे आली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "पोर बरी हाय का आता?"

"हो काका."

"माझा नातू पन बरा हाय." एवढं बोलून ते मंगलताईंकडे वळले. "ऑर्डर तीच. येल तीच. उद्या सकाली गाडी पाठवतो."

चतुर्थीला पहाटेपासून मी तिथेच होते. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, आणि माझ्या घरचा गणपती त्या वर्षी बहिणीने बसवला. मोदकांच्या राशी झाल्या. हळदीच्या पानांचा वास गल्लीभर पसरला. पात्राजवळ दुसरी बाई होती, पण तिला वेग साधेना, आणि गाडी येऊन उभी राहिली. मंगलताईंनी वंदनाकडे पाहिलं. वंदना बेसिनकडे गेली. बांगड्या वर सरकवल्या. अंगठे, नखं, बोटांच्या बेचक्या. तिचे हात मी इतक्यांदा तपासले होते, त्या दिवशी तपासले नाहीत. ती पात्रापाशी आली आणि पानांची टोकं धरून मोदक उचलू लागली. एकही कळी मोडली नाही.

पण आमच्या धंद्यात निकाल त्या दिवशी लागत नाही. हा आजार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडतो. मोदक गेले आणि माझी खरी वाट बघणं सुरू झालं. दुसरा दिवस सरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंगलताईंचा फोन आला. "पाटीलकाकांनी आपल्या दोघींना आणि वंदनाला कोपरीला बोलावलंय. आरतीला. कारण सांगितलं नाही."

स्टेशनपासून मंडपापर्यंत आम्ही तिघी भरभर चालत गेलो. आरती झाली. पाटीलकाका पुढे आले. म्हणाले, "सगल्या मंडलांना विचारून आलो. एक मानूस आडवा झाला नाय. तक्रार एकच हाय, मोदक कमी पडले." मंगलताईंनी माझा हात घट्ट धरला. मंडपात इतक्या लोकांसमोर मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मंगलताईंनी देवापुढे ठेवायला म्हणून मोदकांचं एक ताट आणलं होतं. प्रसाद वाटायला एक मुलगा पुढे झाला. काकांनी त्याला थांबवलं. "तू नको. वंदना, तू दे."

वंदना जागची हलली नाही. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मंडपामागच्या नळाकडे गेली. पर्समधून साबणाची छोटी बाटली काढली. आमचीच, वास नसलेली. मंडपातला ढोल तोवर थांबला होता, नळाचं पाणी पडताना ऐकू येत होतं. सगळे थांबले होते, आणि काकाही थांबले होते.

ओले हात झटकत ती परत आली, पानाची टोकं धरून मोदक उचलला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी बाजूला उभ्या असलेल्या नातवाला पुढे ओढलं, मोदकाचे दोन भाग केले, अर्धा त्याच्या हातात दिला, आणि दोघांनी तो तिच्यासमोर उभं राहून खाल्ला.